किडखी

‘या पेटीला जोडलेले सर्व संगणक एकाच घरातले आहेत का?’

पडद्यावर हा प्रश्न आला तेव्हा मी क्षणभरही थांबलो नाही. ‘हो’वर टिचकी मारली आणि चहा टाकायला उठलो. २०३९ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. त्या ‘हो’ची आज मला इतकी लाज वाटते, की ती लिहून काढताना मी संगणकाला हात लावलेला नाही. समोर शाळकरी वही आहे आणि हातात शाईचं पेन.

मी महावीर मगदूम. आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेचा निदेशक होतो, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सांगलीत विश्रामबागेत ‘सहजीवन’ नावाची आमची इमारत आहे. सहा बिऱ्हाडं, आणि मी त्यांचा सेक्रेटरी. पण माझी खरी प्रतिष्ठा सेक्रेटरीपदाची नव्हती. घरच्या संगणकात कोणता प्रोग्रॅम घालावा हे मला विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी ठरवत नसे. तोवर सगळेच प्रोग्रॅम महिन्याच्या भाड्यावर गेले होते. लिहायचं भाडं वेगळं, फोटो नीट करायचं वेगळं. भाडं थांबवलं तर स्वतःच लिहिलेली जुनी पत्रंसुद्धा उघडत नसत. अशा दिवसांत फुकट आणि तरी भरवशाचं काय आहे हे शोधून काढण्यात मी वाकबगार होतो. फुकट म्हटलं की मी हुरळून जात नसे. बनवणारे कोण आहेत, आपलं लिहिलेलं कुठे जातं, उद्या सोडून जायचं झालं तर आपलं सामान आपल्याला परत मिळतं का, हे सगळं तपासूनच मी शिफारस करी. हे सांगताना माझी मान जरा ताठ होई, तेही कबूल करतो.

‘घरोबा’ या सगळ्या कसोट्यांना उतरला होता. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी मिळून तो बनवला होता आणि घरगुती वापराला तो कायमचा फुकट होता. पत्र लिहिणं, फोटो लावून ठेवणं, सरकारी अर्ज भरणं, सगळं एकात. फक्त त्याला एक पेटी लागायची. डब्याएवढी, घरात कोपऱ्यात ठेवायची. घरोब्याचा मेंदू त्या पेटीत राहायचा.

त्याचं शास्त्र तसं सोपं आहे. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द लिहायचा, याची प्रत्येकाला एक सवय असते. पेटी ती सवय आकड्यांच्या रूपात धरून ठेवते. पत्रं ती साठवत नाही. तुम्ही एक ओळ लिहिलीत की तिच्यातले लाखो आकडे किंचित वरखाली होतात, इतकंच. पण तीच ओळ रोज लिहिलीत तर ते आकडे तिच्याभोवती घट्ट बसतात, आणि मग पहिला शब्द लिहिला की पुढची आख्खी ओळ फिक्या अक्षरांत पडद्यावर उमटते. बाणाची कळ दाबली की ती पक्की होते. शिवाय दिवसातून एकदा पेटी घरातल्या सगळ्या संगणकांची शिकवण एकत्र करते आणि सगळ्यांना वाटून देते. हेतू चांगलाच होता. आजोबांच्या औषधाचं अवघड नाव नातीला आपोआप मिळावं, आईने लिहिलेला पत्ता मुलाला पुन्हा विचारावा लागू नये. घराबाहेर एक अक्षरही जाणार नाही अशी बनवणाऱ्यांची हमी होती, आणि ती शंभर टक्के खरी होती. घर कुठे संपतं हे मात्र पेटीला माणसाने सांगायचं होतं.

मी सांगितलं, आमचं घर कंपाउंडच्या भिंतीशी संपतं.

सहा बिऱ्हाडांना सहा पेट्या कशाला, असा माझा हिशोबी विचार होता. जिन्याच्या कोपऱ्यातून मी स्वतः वायर ओढली आणि सगळ्यांचे संगणक माझ्या पेटीला जोडून दिले. अर्जात नावापुढे नातं लिहायची जागा होती. मी कुटुंबप्रमुख झालो. तळमजल्यावरच्या मुलाणींना भाऊ केलं, वरच्या पाटोळे जोडप्याला मुलगा आणि सून. समोरच्या शैलजाताईंच्या नावापुढे ‘बहीण’ लिहिलं. रेशनकार्डावर पूर्वी लोक नावं घुसवायचे तसाच हा प्रकार, आणि मला त्याचं हसूच येत होतं. मिटिंगमध्ये मी ही नाती वाचून दाखवली तेव्हा सगळे खळखळून हसले. मुलाणी तर तेव्हापासून मला ‘दादा’च म्हणायला लागले.

शैलजाताई म्हणजे शैलजा ताम्हनकर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. यजमानांना जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा तन्मय नॉर्वेत, कामात असतो, असं त्या सांगत. त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि त्या विचारू देत अशाही नव्हत्या.

मार्चमधली गोष्ट. पाणीपुरवठा खात्याला तक्रार लिहायला बसलो होतो. ‘आज’ एवढंच लिहिलं, आणि पुढे फिक्या अक्षरांत उमटलं, ‘आज तुला आवडतं तसं धिरडं केलं, तनू.’

मला आधी गंमत वाटली. मग कोडं पडलं, आणि मग उलगडलं. इमारतीतले बाकीचे सगळे तोंडी बोलून संगणकाकडून काम करून घेत. हाताने लांबलचक लिहिणारे दोघंच होतो. मी रोज दोन पानं डायरी लिहायचो, आणि शैलजाताई बहुधा रोज मुलाला पत्र लिहीत होत्या. चूक काय झाली ते मला त्याच क्षणी कळलं. कोणती कळ दाबून ती थांबवायची, तेही ठाऊक होतं. आयुष्यभर पोरांना मी हेच शिकवलं होतं, की उघडी वायर दिसली की आधी मेन स्विच बंद करायचा.

मी तक्रारीचा कागद बाजूला ठेवला आणि कोऱ्या पानावर ‘बाबांचं’ असं लिहिलं. ‘बाबांचं दुखणं तुझ्यापासून लपवलं ही माझी चूक’, पेटीने पुढे लिहिलं. ‘तुझी परीक्षा होती म्हणून लपवलं. तुला शेवटचं भेटता आलं नाही.’ मग मी ‘चार’ लिहिलं. ‘चार वर्षं झाली तू बोलला नाहीस.’

हे मी किती दिवस केलं? चार महिने. रोज डायरी लिहायच्या आधी कोऱ्या पानावर एकेक शब्द टाकायचा आणि काय वर येतं ते बघायचं. नव्या ओळी थोड्याच असत, नेहमीच्या पुन्हा पुन्हा येत. ‘मी ड्यूटीवरून यायची तेव्हा तू किडखीत उभा असायचास’, ही तर जवळजवळ रोजची. लहानपणी तो खिडकीला किडखी म्हणायचा, आणि त्या घरात तो शब्द तसाच राहिला असावा. मला तो फार आवडला. दुसऱ्याच्या घरातला शब्द आपल्याला आवडतोय याचं मला काहीच वाटलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर चोरटेपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी त्याचा उपयोग करायला लागलो. एकदा ‘संध्याकाळी’ लिहिलं तर आलं, ‘संध्याकाळी पाच ते सात हा वेळ जात नाही.’ दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी त्यांची बेल वाजवली आणि गच्चीवर चहाला येता का म्हणून विचारलं. त्या चकित झाल्या, पण आल्या. मग तो रोजचा रिवाजच पडला. एकदा ‘वाढदिवस’ लिहून पाहिलं. तारीख मिळाली आणि अनंताच्या झाडाची आठवणही. त्यांच्या माहेरी दारात अनंत होता. बारा जूनला मी अनंताचं रोप घेऊन उभा राहिलो.

त्यांनी कुंडी हातात घेतली आणि बराच वेळ पानांवरची माती पुसत राहिल्या.

“तुम्हाला न सांगता कळतं, सर,” त्या म्हणाल्या. “असं माणूस मला फार दिवसांनी भेटलं.”

मी नम्रपणे हसलो. आमची सुनंदा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मला कुणी शहाणा म्हटलं होतं ते फक्त प्रोग्रॅमच्या बाबतीत. यात प्रेमबीम काही नव्हतं. आपण मनकवडे आहोत असं कुणाला तरी वाटतंय, याचं ते सुख होतं, आणि मी ते मिटक्या मारत चाखत होतो. त्याच संध्याकाळी मी कोऱ्या पानावर ‘मगदूम’ असं लिहिलं. माझंच नाव. दोन-तीन दिवसांनी पुढे ओळ यायला लागली, ‘मगदूम सर आहेत म्हणून बरं आहे, तनू. काळजी करू नकोस.’ ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

जुलैत जिन्यात कबुतरांनी उच्छाद मांडला. मी नोटीस टाइप केली, छापली, फळ्यावर लावली. ‘कबुतरे आत येऊन घाण करतात, तरी जिन्यातील सर्व किडख्या बंद ठेवाव्यात. सेक्रेटरी.’

मी ती लावण्याआधी दोनदा वाचली होती. मला चूक दिसलीच नाही. माझ्या डोळ्याला तो शब्द इतका सरावला होता. मुलाणी फळ्यापाशी उभे राहून हसायला लागले तेव्हा मला कळलं. त्यांनी विचारलं की दादा, आपल्या खिडक्या किडक्या कधी झाल्या? पाटोळेवहिनीही हसल्या, मीही हसलो. आणि वळून पाहिलं तर जिन्याच्या खालच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन शैलजाताई उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, फळ्याजवळ आल्या, नोटीस वाचली आणि वर गेल्या.

अर्ध्या तासाने माझी बेल वाजली.

“सर, एक विचारू? तो शब्द तुमच्याकडं कुठून आला?”

“कोणता? किडखी होय? टायपिंगची चूक हो. बोटं जड झालीत आता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. बरं, म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी पाच वाजता त्या गच्चीवर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

आता पुढचं लिहायला पेन पुढे सरत नाही. त्यांना संशय आलाय का हे बघायला मी पुन्हा पेटीकडेच गेलो. ‘आज’ लिहिलं, ‘मगदूम’ लिहिलं, ‘किडखी’ लिहिलं. जुन्याच ओळी आल्या. तिसऱ्या दिवशी जुन्याच, पाचव्या दिवशीही जुन्याच, जरा विस्कटलेल्या. माझ्या लक्षात आलं की पेटीला नवीन काही मिळत नाहीये. ताईंनी लिहिणं थांबवलं होतं. चार वर्षं न चुकता, उत्तर येत नसताना, त्या मुलाला लिहीत होत्या, आणि माझ्या एका नोटिशीने ते बंद पडलं होतं. तेवढा एक धागा त्यांच्या हातात होता.

आठव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्या गवारी मोडत बसल्या होत्या. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पुन्हा गवारीची ताटली पुढे ओढली. मी अर्जापासून सुरुवात केली. एका पेटीला सहा घरं कशी जोडली, ‘एकाच घरातले का’ या प्रश्नाला ‘हो’ कसं म्हटलं, त्यांच्या नावापुढे बहीण कसं लिहिलं. त्यामुळे त्यांचं लिहिलेलं माझ्या पडद्यावर ‘कधीमधी’ उमटत होतं, असं म्हणालो. खरं सांगायला आलो होतो आणि त्यातही पळवाट ठेवली होती.

“माझ्याकडंही येत होतं,” त्या म्हणाल्या.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पेटी सगळ्यांचं सगळ्यांना वाटते हे मीच मिटिंगमध्ये समजावून सांगितलं होतं, आणि चार महिने मला वाटत होतं की बघणारा मी एकटा.

“पहिल्याच आठवड्यात,” त्या सांगत होत्या. “‘सुनंदा गेल्यापासून’ असं यायला लागलं. तुमचं आहे हे लगेच कळलं. मी पुढं वाचलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते फिकं लिहिणं बंद करून टाकलं. मी वॉर्डात तीस वर्षं काढली, सर. कुणाचा पडदा सरकलेला दिसला तर ओढून घ्यायचा आणि पुढं जायचं. आत बघायचं नसतं.”

मला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की तुम्ही एवढ्या हौसेने सगळ्यांना करून दिलं होतं, तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं. आपण बंद केलं म्हणजे दोन्हीकडून बंद झालं असं त्या धरून चालल्या होत्या. नोटिशीतला शब्द बघितला तेव्हाही त्यांना वाटलं की एखादा शब्द चुकून सरांकडे गेला असेल. म्हणून सरळ विचारायला आल्या होत्या.

“तेव्हा तुम्ही टायपिंगची चूक म्हणालात,” त्या म्हणाल्या. मग गवारीची शेंग हातात तशीच धरून त्यांनी विचारलं, “तुम्हीही पडदा ओढून घेतला होता ना, सर?”

हो म्हणणं फार सोपं होतं. फेब्रुवारीत म्हटलं होतं तितकंच.

“नाही,” मी म्हणालो. “चार महिने वाचत होतो. रोज. चहाचं त्यातूनच कळलं. अनंताचंही.”

माझं स्वतःचं नाव लिहून पाहिलं तेही मी सांगितलं. इतकं सांगून झाल्यावर त्या रागावतील, रडतील, मला बाहेर काढतील असं वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. त्यांनी हातातली शेंग मोडली, तुकडे ताटलीत टाकले.

“म्हणजे न सांगता कळत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांचं जे काही त्या पेटीत आहे ते काढून टाका.

ते सोपं नव्हतं. पेटीत त्यांची पत्रं वेगळी ठेवलेली नव्हती, नुसते आकडे होते आणि त्यात सहा घरं मिसळलेली होती. भाजणी दळून झाल्यावर त्यातलं जिरं परत वेचता येत नाही, तसंच हे. काढायचं तर सगळंच पुसायचं. आणि घरोबा बनवणाऱ्यांनी नियम असा ठेवला होता की घराची आठवण ही घरातल्या सगळ्यांची, तेव्हा पुसायची तर प्रत्येकाने आपापल्या संगणकावरून संमती द्यायची. म्हणजे सहाही घरांना सांगणं भाग होतं. ‘नवीन आवृत्ती आली आहे, सगळ्यांनी ही कळ दाबा’ असं लिहिलं असतं तर कुणी एक प्रश्न विचारला नसता. माझ्या शब्दावर त्यांचा तेवढा विश्वास होता. ती नोटीस मी मनात तयारसुद्धा केली होती.

पण दुसऱ्या दिवशी मी वेगळीच नोटीस पेनाने लिहून फळ्यावर लावली. ‘सहाही घरे एकाच कुटुंबातील आहेत असे मी खोटे नोंदवले. त्यामुळे एकाचे लिखाण दुसऱ्याच्या संगणकावर दिसत होते. हे कळूनही मी ते थांबवले नाही, उलट वाचत राहिलो. सर्वांनी कृपया पुसण्यास संमती द्यावी. महावीर मगदूम.’ कुणाचं वाचलं ते लिहिलं नाही. त्यामुळे झालं असं, की प्रत्येकाला ते आपलंच वाटलं. मुलाणीवहिनींनी जिन्यात मला थांबवून हळूच विचारलं, आमचंही का? तुमचं नाही म्हटलं असतं तर उरलेल्यांवर बोट गेलं असतं. म्हणून मी म्हणालो, थोडंफार. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीच्या बाजूने निघून गेल्या. त्या दिवसापासून मुलाणी मला पुन्हा ‘सर’ म्हणायला लागले.

तीन दिवसांत सगळ्यांच्या संमती आल्या. मी पेटी पुसली. ‘सुनंदा’ लिहून पाहिलं, पुढे काही आलं नाही. माझी डायरीही त्याच आकड्यांत होती. ताईंना मी वेगळी पेटी आणून दिली आणि जिन्यातल्या वायरी काढल्या. जोडून झाल्यावर मी उठून बाजूला झालो, आणि अर्ज त्यांनी स्वतः भरला. घरातील माणसे या रकान्यात त्यांनी एक लिहिलं. नात्याचा रकाना मोकळा सोडला. त्या पुन्हा मुलाला लिहायला लागल्या का, मला माहीत नाही. ते मला माहीत नसणंच योग्य आहे, हे समजायला मला एवढं सगळं करावं लागलं.

आता इमारतीत मला कुणी प्रोग्रॅमबद्दल विचारत नाही. पाटोळे परत भाड्याच्या प्रोग्रॅमकडे गेले. फुकटचं नको बाबा, असं ते म्हणत असल्याचं कानावर आलं. त्यात घरोब्याचा काही दोष नव्हता, हे मी कुणाला तोंड वर करून सांगणार?

काल सकाळी मी जिना उतरत होतो. शैलजाताई दूध घेऊन वर येत होत्या. हल्ली आम्ही एकमेकांना वाट देतो, तेवढंच. जिन्याच्या वळणावर वाऱ्याने काच आपटत होती आणि कठड्यावर दोन कबुतरं बसली होती. त्या दोन पायऱ्या वर गेल्या आणि थांबल्या.

“सर, तेवढी खिडकी लावता का?”

खिडकी हा शब्द त्यांनी नीट, सावकाश उच्चारला, परक्या माणसाशी बोलताना उच्चारतात तसा. पेटी कोरी करून दोन महिने झाले होते. माझ्या मनात मात्र दुसराच शब्द आला, आणि त्यामागून ड्यूटीवरून येणाऱ्या आईची वाट बघत उभा असलेला लहान तनू आला. त्या अजून पायरीवर उभ्या होत्या. मी ‘हो’ म्हणालो, आणि त्यांच्याकडे न बघता ती लावून घेतली.